आजारी भावंडाशी नातं आणि जबाबदारी: आधी काय, नंतर काय

मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबीयांच्या स्वमदत गटात नव्याने येणारी भावंडं बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतात: "आई-बाबांच्या मागे त्याचं कोण करणार?" प्रश्न खरा आहे, पण तिथून सुरुवात करणं चूक आहे. ज्या भावाशी वर्षानुवर्षं धड चार वाक्यं बोललो नाही, त्याच्या उरलेल्या आयुष्याची वाटणी करायला बाकीची भावंडं बसतात, आणि बहुधा त्याला बाहेरच्या खोलीत ठेवून. तो भिंतीपलीकडून सगळं ऐकतो. आमच्या घरी असंच झालं होतं. त्यानंतर माझा आजारी दादा ताईशी आणि माझ्याशी चार महिने बोलला नाही.

हा लेख मोठ्या वयाच्या भावंडांसाठी आहे. घरात स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य किंवा दीर्घकाळ चाललेला ओसीडी (नको असलेले विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याचा आजार) आहे, आणि काहीतरी करायला हवं हे कळतंय, पण कुठून धरायचं ते उमजत नाही, अशांसाठी. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. अपवाद एकच: भाऊ किंवा बहीण आत्ता जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी टप्पा ५ वाचा.

पूर्वतयारी: आधी स्वतःचा हिशेब

एक वही घ्या आणि आजारी भावंडाबद्दल मनात जे जे येतं ते कुणाला दाखवायचं नाही या बोलीवर लिहून काढा. बहुतेकांच्या वहीत तीन गोष्टी निघतात.

पहिली अपराधी भावना: आजार त्याला झाला, मी सुटले. दुसरा राग: आई-बाबांचं सगळं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि मी "शहाणी, समजूतदार" म्हणून बाजूला राहिले. माझ्या दहावीचा निकाल लागला त्या दिवशी घरी कुणी विचारलंही नाही. त्यात कुणाची चूक नव्हती, तरी ते दुखलं होतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मान्य करायला मला फार वर्षं लागली. तिसरं दुःख: माणूस समोर आहे, पण ज्याच्याबरोबर आपण लहानाचे मोठे झालो तो तसाच्या तसा राहिलेला नाही. मृत्यूनंतर लोक भेटायला येतात, सांत्वन करतात. या दुःखाची मात्र कुणी विचारपूस करत नाही.

हे लिहायचं कशासाठी? न लिहिलेला राग पुढच्या टप्प्यांत भलत्याच ठिकाणी बाहेर पडतो, औषधाच्या डबीवरून, खर्चावरून, भावजयीवरून.

याच वहीत आणखी एक भीती लिहा, जी बहुतेक भावंडं कुणाला सांगत नाहीत: "मलाही होईल का?" सख्ख्या भावंडाला स्किझोफ्रेनिया असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता सुमारे ९ टक्के धरली जाते, सर्वसाधारण लोकांत ती सुमारे १ टक्का असते. धोका वाढतो हे खरं, पण १०० भावंडांतल्या सुमारे ९१ जणांना हा आजार होत नाही हेही तितकंच खरं. त्याची सुरुवात बहुधा विशी-तिशीच्या आसपास होते, पुरुषांत थोडी आधी, स्त्रियांत थोडी उशिरा. गांजासारख्या नशेने धोका वाढतो, म्हणून अशा घरातल्या तरुणांनी तो टाळणं इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. भीती मन सोडतच नसेल, तर स्वतःसाठी मानसोपचारतज्ज्ञाची एक वेळ घ्या. त्या भेटीत भावाबद्दल नाही, स्वतःबद्दल बोला.

तपासा: वहीतलं एखादं वाक्य आजारी भावंडाला "ऐकवायचंच आहे" असं अजून वाटतंय का? वाटत असेल तर पुढे जायची घाई करू नका. ते वाक्य आधी समुपदेशकाला किंवा स्वमदत गटात सांगा.

टप्पा १: आजार, औषध आणि स्वभाव वेगळे ओळखा

भावंडांच्या तक्रारींत सर्वांत जास्त घोळ इथे असतो. "तो आळशी झालाय." "ती मुद्दाम करते." एकच वागणं तीन वेगळ्या कारणांनी घडू शकतं.

दुपारी बारापर्यंत अंथरुणात पडून राहणं घ्या. स्किझोफ्रेनियात इच्छाशक्ती आणि उत्साह आटणं हे आजाराचंच लक्षण आहे. भास-भ्रम (नसलेले आवाज ऐकू येणं, खोट्या गोष्टींवर ठाम विश्वास बसणं) ओसरल्यावरही ते मागे उरतं. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत टिकते, तेही कारण असू शकतं. आणि तिसरं, उठून करण्यासारखं आयुष्यात काही नाही याचं साधं दुःख. पहिल्याला धीर लागतो. दुसऱ्यासाठी डॉक्टरांना मात्रा किंवा वेळ बदलता येईल का ते विचारावं लागतं. तिसऱ्याला सोबत लागते. ओरडण्याने तिन्हींतलं एकही बरं होत नाही.

येरझारा घालणं, एका जागी बसताच न येणं, हा काही औषधांचा दुष्परिणाम असू शकतो. घरचे त्याला "आजार पुन्हा वाढला" समजतात. काही गोळ्यांनी भूक आणि वजन भराभर वाढतं. त्यावरून चिडवणारी बहीण नकळत गोळ्या बंद करण्याचं कारण पुरवत असते.

औषधांबद्दल एवढं तरी माहीत हवंच:

• भास-भ्रमावरच्या औषधाने झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारू शकते, भास-भ्रम कमी व्हायला मात्र काही आठवडे लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांनाही साधारण २ ते ६ आठवडे द्यावे लागतात.
• लिथियम (बायपोलरमध्ये मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर रक्तातलं प्रमाण ठरावीक काळाने तपासावं लागतं. जुलाब, उलट्या, ताप यांनी शरीरातलं पाणी कमी झालं किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तर ते प्रमाण धोकादायक वाढू शकतं.
• क्लोझापिनसाठी (इतर औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध) रक्तातल्या पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी लागते.
• कुठलंही मानसोपचाराचं औषध "आता बरा आहेस ना" म्हणून एकदम थांबवायचं नाही.

आता "मला काही झालेलंच नाही" हे वाक्य. त्यावरून सर्वांत जास्त भांडणं होतात. आपण आजारी आहोत याची जाणीव नसणं हे गंभीर मनोविकारांत पुष्कळदा आजाराचाच भाग असतं. त्याला हट्ट समजून पुरावे देत बसलात तर पुरावेही हरतील आणि नातंही.

सावधान: घरातल्या बोलण्याच्या सुराचा परिणाम खरोखर होतो. क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या घरांत जवळचे नातेवाईक सतत टीका करत, वैर धरत किंवा रुग्णाच्या आयुष्यात अतिरेकी गुंतलेले असत, तिथे स्किझोफ्रेनिया पुन्हा उलटण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. अशा नातेवाइकांबरोबर आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर राहणाऱ्यांचा धोका आणखी मोठा होता. याचा अर्थ आजार कुटुंबामुळे झाला असा नाही. अर्थ एवढाच की टीका कमी करणं आणि दोघांनाही एकमेकांपासून थोडी मोकळीक देणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि "अतिरेकी गुंतलेले" या शब्दांकडे लक्ष द्या. नुसती माया करून भागत नाही.

टप्पा २: आजाराशी संबंध नसलेलं काहीतरी सुरू करा

सात वर्षं मी दादाला फोन केला की पहिलं वाक्य असायचं, "गोळी घेतलीस?" एकदा तो म्हणाला, "आधी कसा आहेस ते तरी विचार." त्या दिवसापासून गोळीचा प्रश्न मी फोनवर विचारत नाही.

आठवड्यातला एक ठरावीक वार आणि वेळ घ्या. १५-२० मिनिटं पुरेत. फोन, फेरी, एकत्र क्रिकेट पाहणं, लहानपणी खेळत होतात तो पत्त्यांचा डाव, काहीही चालेल. नियम दोनच: त्या वेळात औषध, डॉक्टर, नोकरी, आंघोळ हे विषय काढायचे नाहीत, आणि ती वेळ चुकवायची नाही.

त्याच्याकडून मदत मागा. दादाला जुनी गाणी राग-तालासकट आठवतात; माझ्या मुलीला काही अडलं की आम्ही त्यालाच विचारतो. आजारी माणसाच्या आयुष्यात सगळे देणारेच असतात, घेणारं कुणी उरत नाही. धाकटी बहीण काहीतरी विचारते तेव्हा तो पुन्हा मोठा भाऊ होतो.

नेहमी होणाऱ्या चुका: तीन वर्षं न फिरकता एकदम आठ दिवसांच्या सहलीचा बेत आखणं. मोठी भेटवस्तू. "आता मी आलोय ना, सगळं ठीक करतो" हे वाक्य. यांनी अपेक्षा वाढते आणि तुम्ही थकून परत गेलात की त्याची खात्री पटते की सगळे सोडूनच जातात.

भ्रमाबद्दल बोलणं निघालं तर काय करायचं? "शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात," असं बहीण म्हणाली तर "असं काही नाही" म्हणू नका, आणि "हो, मलाही तसंच वाटतं" असं तर मुळीच नाही. "मला तसं दिसलं नाही, पण तुला किती भीती वाटत असेल ते कळतंय. आत्ता काय केलं तर तुला बरं वाटेल?" हा सूर धरा. तिच्या भीतीला उत्तर द्या. पाळत खरी की खोटी, यावर वाद घालू नका.

हा टप्पा किमान सहा ते आठ आठवडे चालू द्या. माझा अनुभव असा की याच टप्प्यावर लोक सर्वांत अधीर होतात, कारण यात "काही घडत" नाही. पण पुढचं सगळं याच्यावर उभं राहतं.

तपासा: गेल्या दोन महिन्यांत एकदा तरी त्याने स्वतःहून फोन केला, निरोप पाठवला किंवा तुमची वाट पाहिली? नसेल तर आणखी महिनाभर हेच चालू ठेवा.

टप्पा ३: बाकीच्या भावंडांची बैठक

आता बाकीच्या भावंडांनी भेटायचं. फरक असा की या बैठकीत आजारी भावंडाबद्दल काहीही ठरवायचं नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल बोलायचं: मी काय देऊ शकते, काय देऊ शकत नाही, आणि आजवर माझ्या वाट्याला काय आलं.

शेवटचा मुद्दा टाळू नका. साधारणपणे जो जवळ राहतो त्याच्या वाट्याला रात्रीबेरात्रीची धावपळ येते, आणि लांबचा फोनवर सल्ले देतो. जवळच्याला वाटतं, हा सुटला. लांबच्याला वाटतं, मला काही सांगतच नाहीत. दोघांनाही एकेकदा न थांबवता दहा मिनिटं बोलू द्या.

मग कामं. समान वाटणीचा हट्ट धरू नका, ती कधीच जमत नाही. कामाचे प्रकार पाडा: दवाखान्याच्या फेऱ्या, कागदपत्रं आणि हिशेब, पैसा, आठवड्याची सोबत, अडचणीच्या वेळी लगेच पोहोचणं. लांबच्या भावंडाला हिशेब, औषधांचा साठा, डॉक्टरांच्या तारखा हे सगळं दुरूनही सांभाळता येतं. जवळच्याला वर्षातून ठरलेले काही दिवस पूर्ण रजा द्या, म्हणजे त्या दिवसांत त्याचा फोन वाजणार नाही. ही रजा तारखेसह लिहा. "लागेल तेव्हा सांग" म्हटलं की कुणीच सांगत नाही.

जोडीदारांशी आधी बोला. नवऱ्याला किंवा बायकोला न विचारता दिलेला शब्द महिनाभरही टिकत नाही, आणि दोष मात्र त्यांच्यावर येतो.

एखादं भावंड आलंच नाही तर? त्याच्याशिवाय करा. त्याच्यासाठी लहानसं एखादं काम मोकळं ठेवा, टोमणे न मारता कळवा आणि पुढे चला.

टप्पा ४: त्याच्यासह बैठक

जास्तीत जास्त ४५ मिनिटं. त्याला ज्या वेळी तरतरी असते ती वेळ घ्या. गोळीची गुंगी असते ती टाळा. विषय एकच, आणि तो त्याला दोन दिवस आधी सांगा. बसण्याची जागा अशी ठेवा की कुणाला ओलांडून न जाता त्याला उठून बाहेर जाता येईल.

पहिलं बोलणं त्याचं. प्रश्न असा: "येत्या सहा महिन्यांत तुला काय बदललेलं आवडेल?" त्याचं उत्तर बहुधा तुमच्या यादीत नसतंच. आमच्या पहिल्या बैठकीत ताई आणि मी औषधं आणि पैसे घेऊन बसलो होतो. दादाला त्याच्या खोलीच्या दाराला आतून कडी हवी होती. गंमत म्हणून नव्हे, घरात कुणीही केव्हाही आत येतं म्हणून. आम्ही बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवली. त्यानंतर औषधांबद्दल बोलणं सोपं गेलं.

ठरलेलं त्याच्यासमोर लिहा, त्याला वाचायला द्या. तो "नाही" म्हणाला तर तेही लिहा.

सावधान: जेवणातून लपवून गोळ्या देण्याचा सल्ला हमखास कुणीतरी देईल. नका देऊ. अन्नात काहीतरी मिसळतात असा ज्याला संशय आहे, त्याचा संशय तुम्ही स्वतःच्या हाताने खरा करता. कळलं की जेवणही सुटतं आणि तुमच्यावरचा विश्वासही. गोळ्या नकोच असतील तर कारण विचारा, दुष्परिणाम डॉक्टरांना कळवा. रोजच्या गोळीऐवजी काही आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालेल का, हा पर्याय काही औषधांत असतो; तो त्याच्यासमोरच विचारा.

टप्पा ५: अडचणीच्या वेळची योजना

ही बरं असतानाच करायची. एक पानापेक्षा मोठी नको.

वर त्याच्या पूर्वखुणा, त्याच्याच शब्दांत. आजार उलटण्याआधीच्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, पण त्याच माणसात पुष्कळदा त्याच पुन्हा दिसतात: झोप दोन-तीन तासांवर येणं, खर्च सुटणं, फोन बंद ठेवणं, दिवसा पडदे ओढणं. त्याखाली: अशा वेळी मला कुणी बोललेलं चालेल, कुणी नाही. डॉक्टरांचा संपर्क, चालू औषधं मात्रांसह, कुठल्या औषधाने पूर्वी त्रास झाला. भरती व्हावं लागलं तर सोबत कुणी यावं, घरी काय सांभाळावं. प्रत त्याच्याकडे, आई-बाबांकडे आणि प्रत्येक भावंडाकडे.

आत्महत्येबद्दल स्पष्ट विचारा: "मरून जावं असं मनात येतं का? काही ठरवलं आहेस का?" विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही समजूत खोटी आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर एकटं सोडू नका, साठवलेल्या गोळ्या आणि इजा करता येईल अशा वस्तू दूर करा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा तातडीच्या विभागात न्या. "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली तरी ही गोष्ट गुपित ठेवायची नाही. आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जपायचे असतात. नेमके त्याच वेळी सगळे "सुटलो एकदाचे" म्हणून आपापल्या कामाला परततात.

मनोविकार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात. तरी कुणी अंगावर आलं तर समजूत घालत उभं राहू नका: आवाज खाली, अंतर वाढवा, लहान मुलांना घेऊन बाहेर पडा, मदत बोलवा. त्याबद्दल नंतर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. जुना मार तुमच्या मनात असेल तर तोही सांगायला हवा, पण तो बरा असताना, एकदाच, माफीची मागणी न करता: "त्या दिवशी मी फार घाबरले होते."

टप्पा ६: आई-बाबांकडून हाती घेणं

तो मूळ प्रश्न आत्ता, इतक्या उशिरा. आणि आता तो सोपा झालेला असतो.

आई-बाबांच्या डोक्यात जे आहे ते कागदावर आणा. कुठला डॉक्टर चिडतो, कुठला ऐकतो. दादा कशाने शांत होतो. कुठल्या नातेवाइकाच्या येण्याने बिघडतो. आईला "लिहून दे" म्हटलं तर ती टाळेल. तिच्याजवळ बसून विचारा, तुम्ही लिहा.

मग सराव. आई-बाबा दोन दिवस बाहेर, कारभार भावंडांकडे. नंतर आठवडा. काय अडलं ते योजनेत भरा. आई-बाबा गेल्यावर, दुःखाच्या भरात, पहिल्यांदा हे सगळं करायची वेळ येऊ नये. आजारी भावंडालाही बदल हळूहळू अंगवळणी पडतो.

वचन देताना जपून. आजारी बापाच्या उशाशी बसून "मी त्याला आयुष्यभर माझ्याजवळ ठेवीन" असं म्हणणारी पुष्कळ भावंडं मी नंतर कोलमडलेली पाहिली आहेत. "तो एकटा पडणार नाही, हे मी बघेन" एवढंच म्हणा. त्यात तो वेगळा राहू शकतो, निवासी केंद्रात राहू शकतो, तुम्ही आठवड्याला जाऊ शकता. पैसा आणि घराच्या व्यवस्थेबद्दल आई-बाबा हयात असतानाच वकिलाचा सल्ला घ्या. "त्याचा हिस्सा तुझ्या नावावर करते, तू बघ त्याचं" हा तोंडी व्यवहार कितीही प्रेमाने केला तरी भावंडांत संशय पेरतो. त्याच्या हिश्शाचं काय होणार, हे त्यालाही सांगा.

घरात लहान भावंडं असतील तर

त्यांना अंधारात ठेवू नका; ती जे पाहतात त्याचा अर्थ स्वतः लावतात, आणि तो बहुधा "माझ्यामुळे झालं" असा असतो. वयाला झेपेल अशा शब्दांत चार गोष्टी सांगा. ताईला आजार आहे. तो तुझ्यामुळे झाला नाही. सर्दीसारखा तो तुला लागणार नाही. तिला बरं करणं हे तुझं काम नाही. भीती वाटली तर कुणाकडे जायचं, त्या माणसाचं नाव सांगा. "ती गोळी घेते का बघ रे" हे काम मुलाला देऊ नका. त्याने त्यांच्यातलं भावंडपण जातं.

संबंध तुटलेलेच असतील तर

काही घरांत इतकं घडून गेलेलं असतं की लांब राहणं हाच शहाणपणा ठरतो. तसं ठरवलं असेल तर स्वतःला शिक्षा करू नका. पुढे कधी परतावंसं वाटलं तर चार ओळींचं पत्र किंवा निरोप पाठवा: तुझी आठवण आली, मी बरी आहे, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. उत्तर न आल्यास महिन्याभराने आणखी एक. भेट ठरली तर पहिली भेट तासाभराची, घराबाहेर, आणि जुन्या गोष्टींविना. त्यानंतर टप्पा २ पासून पुढे.

लिहिलेली प्रत्येक योजना दर सहा महिन्यांनी बाहेर काढा. औषधं बदललेली असतात, कुणाची नोकरी, कुणाची तब्येत. पुढची तारीख त्याच पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. आमच्याकडे ती दादा लिहितो.